३५ कोटींतले २८

बिनबोलावता येणारे जाहिरातींचे ईमेल हा रास्त धंदा आहे, असं आमच्या भाच्याचं ठाम मत. तो डिजिटल मार्केटिंगमध्ये आहे. म्हणजे नेमका कशात आहे, हे त्याच्या आईलाही सांगता येत नाही.

"मामा, पाठवायला काही पडत नाही. लाखात एकाने घेतलं तरी कमाई."

"आणि बाकीचे?"

"ते डिलीट करतात."

"कोणाच्या वेळात?"

यावर त्याने चिवड्याची बशी पुढे ओढली.

खोड तशी जुनी. १८६४ साली लंडनमधल्या काही राजकारण्यांच्या घरी अवेळी तार आली. फोडून बघतात तर गॅब्रिएल नावाच्या दंतवैद्यांचा दवाखाना ऑक्टोबरपर्यंत दहा ते पाच उघडा! तार आली की वाचण्याआधीच रडायला बसणाऱ्या आमच्या आजीने त्या वैद्यांचे दात त्यांच्याच हातात दिले असते. मग १९७८ साली गॅरी थर्क या विक्रेत्याने नव्या कॉम्प्युटरच्या प्रात्यक्षिकाचं आमंत्रण इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना एकगठ्ठा धाडलं. पत्त्यांची यादी एवढी लांबली की मजकुराच्या जागेत घुसली. लोक खवळले, पण यंत्रं खपली, असं थर्क पुढे अभिमानाने सांगत. भाच्याच्या संप्रदायाचे हे आद्यपुरुष.

आमच्या दारावर फिनेल विकायला एक पोरगा यायचा. चार जिने चढून धापा टाकायचा. फिनेल नको असलं तरी पाणी द्यावं लागे, आणि पाणी दिल्यावर बहुधा फिनेलही घ्यावं लागे. पण त्याचे पाय दुखायचे, म्हणून दिवसाला त्याची घरं मोजकीच होत. ईमेलवाल्याचे पाय दुखत नाहीत. दुखतं ते आपलं बोट. माझी सगळी हरकत एवढीच आहे.

जाहिरातींच्या ईमेलविषयीच्या अमेरिकेच्या २००३ च्या कायद्यात आधी परवानगी घ्यायची अट नाही. खरा पत्ता द्या, नको म्हणायची सोय ठेवा आणि नको म्हटल्यावर कामाचे दहा दिवस संपायच्या आत नाव काढा. म्हणजे घुसायला क्षण पुरे, निघायला पंधरवडा! आपल्याकडे १९०९ या क्रमांकावर नकोसे कॉल आणि एसएमएस अडवता येतात. ईमेल त्यात बसत नाही.

'अनसब्स्क्राइब' ही अक्षरं तळाशी, पांढऱ्यावर फिक्या राखाडी रंगात, चष्मा कपाळावर सरकवून शोधावी लागतात. ती दाबली की "तुम्ही चाललात, वाईट वाटलं" असा गहिवर. का चाललात, याचे पर्याय. मी "कधी नाव नोंदवलंच नव्हतं" यावर टिचकी मारतो. मग खात्रीसाठी ईमेल पत्ता पुन्हा लिहा, म्हणतात.

भाच्याचं 'लाखात एक' हे गणितही उदारच. २००८ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी स्पॅमवाल्यांच्याच यंत्रणेत शिरून औषधांच्या जाहिरातीचे सुमारे ३५ कोटी ईमेल २६ दिवस मोजले. खरेदीपर्यंत पोहोचले २८ जण. मी हे सांगितलं तर भाच्याचे डोळे चमकले. "आले ना २८?"

आले. त्यातल्या २७ जणांना पौरुषवर्धक गोळ्या हव्या होत्या. पण दुकान संशोधकांनी मांडलेलं, नुसतं देखाव्याचं. पैसे भरायला गेलं की एरर. आता त्या २७ जणांनी तक्रार करायची तरी कोणाकडे, आणि विषयाच्या रकान्यात लिहायचं काय?