निवृत्त अभियंत्यास डेल्फ्ट दाखवणे : पद्धत व खबरदारी

निवृत्त अभियंत्यास (पाटबंधारे खाते, वय ७१, नाते : वडील) नेदरलँड्समधले डेल्फ्ट दाखवण्यापूर्वी यजमान मुलीने पुढील सूचना वाचाव्यात. त्या एकाच प्रयोगावर आधारलेल्या आहेत, पण प्रयोग पाच दिवस चालला.

आगमन. इथले रेल्वे स्टेशन २०१५ पासून जमिनीखाली आहे. सभागृहाच्या छतावर शहराचा १८७७ सालचा नकाशा निळ्या-पांढऱ्या रंगात पसरला आहे. पाहुण्यास ‘वर बघा’ म्हणावे. पाहुणा खाली बघेल आणि विचारेल, “एवढ्या पाण्याच्या गावात बोगदा काढला, मग पाझर कुठे सोडला?” उत्तर येत नसल्यास कॉफीचा विषय काढावा.

लाल डांबरावर उभे राहू नये. तो सायकलींचा रस्ता आहे.

चित्रकार व्हर्मीर इथेच १६३२ मध्ये जन्मला आणि १६७५ मध्ये इथल्याच आउडे केर्क या चर्चमध्ये पुरला गेला, पण त्याचे एकही मूळ चित्र गावात नाही. त्याने रंगवलेले डेल्फ्ट बघायला हेगला जावे लागते. मी बाबांना होइकाडेच्या धक्क्यावर, त्या चित्रातल्या जागी, नेऊन मोबाइलवर चित्र दाखवले. ते बराच वेळ चित्राकडे, मग कालव्याकडे बघत राहिले. मला भरून आले. मग म्हणाले, “पातळी तेव्हाही एवढीच दिसते. साडेतीनशे वर्षं धरून ठेवलीय.”

कॅफे. ‘कॉफीशॉप’ अशी पाटी दिसल्यास पुढे चालावे. तिथे गांजा विकतात. कॉफी कॅफेत मिळते. भरपूर दुधाची हवी असेल तर ‘कॉफी व्हरकेर्ट’ मागावी. शब्दशः अर्थ ‘चुकीची कॉफी’. चहा टाळावा. चहा म्हणून गरम पाण्याचा पेला येतो आणि सोबत चहाच्या पिशव्यांची पेटी. बाबांनी पेटी उघडली, मिटली. “म्हणजे करायचा आपणच? मग पैसे कसले?” पुदिन्याचा मागवला, तर पेल्यात अख्ख्या काड्या उभ्या. “हा काढा आहे. मला ताप नाहीये.” सफरचंदाचा आपलटार्ट दोघांत एक पुरेल, असे म्हणू नये. पुरत नाही, आणि पाहुणा ते बोलून दाखवत नाही.

आता मुख्य स्थळ. आउडे केर्कचा ७५ मीटरचा मनोरा जवळजवळ दोन मीटर कलला आहे. कालवा बुजवून त्यावर बांधल्याचा परिणाम. बांधतानाच तो कलू लागला, म्हणून गवंडी पुढचा प्रत्येक थर सरळ करत गेले. खरे उभे आहेत ते फक्त माथ्यावरचे चार लहान मनोरे. बाबा एक डोळा मिटून तासभर उभे. “पाया चुकला की वर सुधारत बसायचं,” ते म्हणाले, “सगळीकडे हेच.” एवढा आनंद त्यांना माझ्या लग्नातही झाला नव्हता.

नीउवे केर्कच्या मनोऱ्याला ३७६ पायऱ्या आहेत. गुडघे असणाऱ्यांनी चढावे. बाबांना चौकातल्या बाकावर बसवून मी एकटी चढले. वरून पाहिले तर बाक रिकामा आणि बाबा मागच्या कालव्यावर ओणवे. कालव्यांना कठडे नाहीत, हे पाहुण्यास आधी सांगून ठेवावे. मी त्या ३७६ पायऱ्या कशा उतरले, मला आठवत नाही.

शेवटी आउडे डेल्फ्ट कालव्यावरच्या एका जुन्या, रंगीत ढालींनी नटलेल्या इमारतीसमोर न्यावे. हे डेल्फलंडच्या पाणी मंडळाचे घर. मंडळ १२८९ पासूनचे. बहुतेक सदस्य निवडणुकीने येतात आणि लोक त्याला वेगळा कर भरतात. “पाटबंधारे खात्याची निवडणूक?” बाबांनी दोनदा विचारले. मग हिशेब केला : ज्ञानेश्वरी १२९० ची. म्हणजे तिच्याही एक वर्ष आधी. कुठल्याही चर्चमध्ये न जोडलेले हात त्यांनी त्या बंद दरवाजापुढे जोडले. मी फोटो काढला नाही. काढायला हवा होता.

आता ते पुण्यात आहेत. दर रविवारी फोनवर माझी तब्येत विचारण्याआधी विचारतात, “मनोरा काय म्हणतो?” मी सायकलवरून उतरते, एक डोळा मिटते आणि सांगते : आहे, कललेलाच आहे.