बाटलीला दहापैकी नऊ

२०१७ मध्ये इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं आलं, तेव्हापासून आम्हा इंदूरकरांना दिसेल त्याला गुण देण्याची सवय जडली आहे. राजेंद्र नगरातले आमचे अण्णा पित्ताशयाचं ऑपरेशन करून घरी आले, तर समाचाराला गेलेल्यांपुढे आधी हॉस्पिटलचाच निकाल लागला.

“डॉक्टर फार मोठे. राउंडला आले की मागे सहा जण!” दहापैकी दहा.

“रोज बाटली चढवत होते हो!” नऊ. एक गुण काकूंनी कापला; कँटीनच्या पोह्यांवर जीरावन नव्हतं.

“पित्ताशयच काढलं, की नुसते खडे?” मी विचारलं.

“ते चिरंजीवांना ठाऊक. सही त्यानं केली.”

चिरंजीव म्हणाले, “फाइलमध्ये असेल.” फाइल शहाळ्यांखाली होती.

खिडकीलाही पूर्ण गुण मिळाले. १९८४ मध्ये रॉजर उलरिच यांनी दाखवलं होतं, की पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या ज्या पेशंटना खिडकीतून झाडं दिसत होती, ते समोर भिंत असलेल्यांपेक्षा लवकर घरी गेले. अण्णांना पार्किंग दिसायचं. “आपली स्कूटर जागेवर आहे, एवढं कळायचं,” ते म्हणाले. हेही शास्त्रच म्हणायचं.

लेखी निकाल त्याआधीच लागला होता. डिस्चार्ज सकाळी सांगितला, कॅशलेसची मंजुरी आली संध्याकाळी. मधल्या वेळात काउंटरवरून फॉर्म सरकला: सेवा कशी वाटली? बिल त्यांच्या हातात, बापाच्या हातात अजून सुई. अशा वेळी ‘उत्कृष्ट’ सोडून दुसऱ्या चौकोनात खूण करायला छाती लागते.

१९९५ मध्ये सुप्रीम कोर्टानं पैसे मोजणाऱ्या पेशंटला ग्राहक ठरवलं. ग्राहकाला हसरा चेहरा हवा, आणि आजारपणात त्याचं मोल असतंच. पण २०१२ मध्ये अमेरिकेत पन्नास हजारांवर लोकांचा अभ्यास झाला. त्यात डॉक्टरांवर सर्वांत खूश असलेल्यांचा खर्च जास्त निघाला, आणि मृत्यूचं प्रमाणही सव्वीस टक्क्यांनी जास्त! खुशीनं माणूस दगावतो असा त्याचा अर्थ नाही. पण अण्णांना मी हे सांगितलं नाही. पथ्य चालू आहे.

तुमच्यावर वेळ आली तर पोह्यांचे गुण खुशाल कापा. फक्त फॉर्मवर खूण करण्याआधी डॉक्टरांना विचारा: नेमकं काय काढलंत, आणि ही गोळी कशासाठी?