थांबा : धामणगाव बढे

महाराष्ट्रात धामणगावं बरीच आहेत. त्यातलं गाडी थांबणारं धामणगाव अमरावती जिल्ह्यात. त्याच्या नावातच 'रेल्वे' असल्यामुळे तिथल्या माणसाला वेगळी बढाई मारावी लागत नाही. आमचं ते धामणगाव बढे, तालुका मोताळा, जिल्हा बुलढाणा. आम्हाला रेल्वेसाठी मलकापूर गाठावं लागतं. तिथे न थांबणाऱ्या गाड्यांची धूळ खात थांबणाऱ्या गाडीची वाट पाहायची. मुंबई-हावडा मार्गाच्या आसपास वाढलेल्या माणसाला ही सवय लहानपणीच लागते. जग समोरून जात असतं, आपण डबे मोजायचे.

मासेही असेच गेले, हे मला फार उशिरा कळलं.

सुंदरलाल होरा हे मोठे मत्स्यशास्त्रज्ञ. १९४७ पासून १९५५ मध्ये निधन होईपर्यंत ते भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचे संचालक होते. त्यांना पडलेला प्रश्न असा. डोंगरातल्या धो-धो ओढ्यात दगडाला चिकटून राहणारे चपटे मासे मलायाकडे आहेत, आसामकडे आहेत आणि एकदम सह्याद्रीत आहेत. उड्या मारत तर आले नसतील, मग आले कुठून? होरा म्हणाले, सातपुड्यावरून. एके काळी विंध्य-सातपुड्याची रांग उंच होती, भरपूर पावसाची होती. तिच्या वाहत्या ओढ्यांमधून हे मासे पिढ्यान् पिढ्या पश्चिमेकडे सरकत सह्याद्रीत पोचले. १९४९ मध्ये या सातपुडा सिद्धांतावर विद्वानांचा परिसंवादही झाला. पुढे अनेकांनी त्यावर शंका काढल्या. मी विद्वान नसल्यामुळे मला तो तत्काळ पटला. सातपुडा आमच्या उत्तरेला, अजिंठ्याची रांग दक्षिणेला, आणि या बाजूने जे जातं ते थांबत नाही, हा तर आमच्या घराण्याचा अनुभव.

सातपुड्यावरून गेलेले ते मासे उतरले कुठे? २०१२ मध्ये या कुळातली एक नवी जात कृष्णा नदीत, सातारा जिल्ह्यात सापडली. तिचं नाव बालिटोरा लॅटिकॉडा. म्हणजे कृष्णेला मिळाली, आमच्या पूर्णेला नाही. दांडेकर समितीने १९८४ च्या अहवालात विदर्भाच्या रस्त्यांचा, सिंचनाचा, विजेचा अनुशेष मोजला, मासे तेवढे मोजायचे राहिले. आमच्या जिल्ह्यात मुद्दाम कोणी आलंच असेल, तर तो टिपेश्वरचा वाघ. जवळपास तेराशे किलोमीटर चालून २०१९ च्या डिसेंबरात तो ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतलं. पुढे तोही दिसेनासा झाला.

तेव्हा मी ठरवलं, एक तरी इथे थांबवायचा. वाघ परवडणार नव्हता, म्हणून मासा.

होरांच्या या चपट्या माशाला शौकीन लोक हिलस्ट्रीम लोच म्हणतात. तो बोटभरही लांब नसतो. वरून पाहिला तर पतंग, खालून पाहिला तर काचेला चिकटवलेलं पोस्टाचं तिकीट. मी शहरातल्या एका दुकानात विचारलं. दुकानदार म्हणाला, "आहे की," आणि सकर दाखवला. मी म्हटलं, हा नाही. तो म्हणाला, "हाही चिकटतो." आता चिकटण्यात फरक असतो. सकर तोंडाने चिकटतो. लोच पोटाने चिकटतो. छातीचे आणि पोटाचे पर पसरून तो अख्खा देह दगडावर टेकवतो, वरून येणारा लोंढाच त्याला खाली दाबून धरतो आणि तोंड खायला मोकळं राहतं. तोंडाने चिकटणारे आपल्या आजूबाजूला पुष्कळ असतात. पोटासाठी चिकटून राहून तोंड मोकळं ठेवणारा विरळा. दुकानदाराला हे सगळं सांगितल्यावर त्याने सकरची किंमत दहा रुपयांनी कमी केली.

ओढ्यात जाऊन शोधावा म्हटलं, तर आमच्या भागातले ओढे हिवाळ्यातच निरोप घेतात. पाणी टिकतं ते वर सातपुड्यात, अंबाबरवाकडे. ते अभयारण्य आहे, मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग. तिथून मासा आणायचा म्हणजे पाण्याबाहेर मासा आणि आत मी. शेवटी कोलकात्याचा धागा सापडला. तिथल्या गॅलिफ स्ट्रीटला रविवारी पाळीव जिवांचा बाजार भरतो, आणि देशभरच्या काचपेट्यांतले निम्मे शौक त्या बाजूने येतात. ओळखीचा एक माणूस तिकडे कामाला गेला होता. व्हिएतनामी जातीच्या लोचांची, प्राणवायू भरून फुगवलेली पिशवी थर्माकोलच्या डब्यात घालून तो हावड्याहून गाडीत बसला. अशा बंद पिशवीत मासा दीड दिवस निभावतो. अट एकच, आधी त्याला उपाशी ठेवायचं. एकादशी कोलकात्यातच उरकलेली होती.

मासे पुन्हा पूर्वेकडून पश्चिमेला निघाले, होरांच्याच दिशेने. मी मलकापूरच्या फलाटावर उभा. फोन आला, "धामणगावला उतरलो, कुठे आहेस?" मी म्हटलं, कोणत्या? तो म्हणाला, "पाटी आहे ना मोठी. धामणगाव." गाडीत कोणीतरी "धामणगाव आलं" म्हणालं आणि हा डबा घेऊन उतरला होता, अमरावती जिल्ह्यात. व्हिएतनामच्या माशाने आयुष्यातला पहिला विदर्भ पाहिला तो चुकीच्या धामणगावात. मागून येणाऱ्या, मलकापूरला थांबणाऱ्या गाडीची चौकशी करून तो रात्री पोचला. मासे ताजेतवाने होते. माणूस मात्र पिशवीतल्यासारखा दिसत होता.

पाहुण्यांसाठी घरात नदीची सोय आधीच करून ठेवली होती. हा मासा साठलेल्या पाण्यातला नव्हे. पेटीत जेवढं पाणी, त्याच्या दहापट तरी दर तासाला फिरलं पाहिजे. त्यासाठी पेटीच्या तळाशी नळ्या टाकायच्या, एका टोकाला स्पंज, दुसऱ्या टोकाला पंप, वरून गोटे. म्हणजे पाणी एकाच दिशेने धावतं. नळ्या घ्यायला गावातल्या ठिबकच्या दुकानात गेलो.

"कपाशीले पायजे का मक्याले?"

"मासोयीले."

त्याने चष्मा वर केला. "किती एकर?"

"तीन फूट."

त्याने एंडकॅप, जोडण्या, सगळं मोजून दिलं आणि अनुदान मिळत असेल तर आपल्यालाही कळवा म्हणाला. पंप शोधावा लागला नाही. वऱ्हाडात प्रत्येक घरी असतो तो कूलरचा पंप, अठरा वॅटचा, तासाला हजार-अकराशे लिटर फेकणारा. तो डिसेंबरात कूलरमधून काढला तेव्हा घरात कोणी हरकत घेतली नाही. डिसेंबरात कोण घेतो?

नदी झाली. अन्नाचं काय? हा मासा दगडावरचं शेवाळ आणि त्यातले बारीक जीव खरवडून खातो. चकचकीत नव्या पेटीत टाकला, तर डोळ्यांदेखत उपाशी मरतो. म्हणून नळगंगा नदीतून आणलेले गोटे पाण्याच्या टपात घालून मी गच्चीवर उन्हात ठेवले होते. महिनाभरात त्यांच्यावर सुंदर हिरवी साय धरली. एक दिवस वर गेलो तर आई काथ्या घेऊन बसलेली, गोटे लखलखीत.

"लोक म्हनतीन, या घरात घासायले कोनी नाही."

माझं महिन्याचं पीक गेलं. तिला बुळबुळीत गोट्यांचं महत्त्व पटवायला बराच वेळ लागला. माठाला बोट लावून बुळबुळ तपासण्यात जिची हयात गेली, तिला घरात शेवाळ मुद्दाम वाढवायचं असतं हे सांगणं म्हणजे धर्मांतराचाच प्रकार. पुढे मात्र गोटे उलथून चारी बाजूंनी ऊन दाखवण्याचं काम तिनेच स्वतःकडे घेतलं.

मासे सोडले आणि घरात शांतता पसरली, कारण ते दिसेनात. पाहुणे यायचे, पेटीसमोर बसायचे, "पाणी छान आहे" म्हणायचे. एखादा काचेवर पोट लावून बसलेला सापडला तर पुढचा प्रश्न ठरलेला, "मेला का?" हा मासा मेल्यावर आणि जगताना जवळपास सारखाच दिसतो, हे मान्य केलं पाहिजे. पण दोघा नरांची नजर एकाच गोट्यावर पडली की पाहावं. ते चावत नाहीत, रक्त काढत नाहीत. एक दुसऱ्यावर चढून त्याला झाकायला पाहतो, दुसरा खालून सुटून पहिल्यावर चढतो, आणि दोघे गोल गोल फिरत राहतात. धुऱ्याचं भांडण हुबेहूब. जमीन इंचभर, खटला तीन पिढ्या. आमच्याकडे लोक ते बघायला मुद्दाम येऊ लागले आणि कोणता गोटा कोणाच्या वाट्याचा, यावर निवाडेही देऊ लागले.

मग चैत्र संपला. या माशाला वीस ते चोवीस अंशांचं पाणी लागतं. हा चोचलेपणा नव्हे, हिशेब आहे. वीस अंशांच्या एका लिटर पाण्यात सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांच्या पाण्यात साडेसात. म्हणजे पाणी तापलं की मासा भर लोंढ्यात बसून गुदमरतो. आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळिसाला टेकतो. तेव्हा कूलरचा प्रश्न निघाला. पंप पेटीत, कूलर कोरडा.

नवा पंप आणला, पण भांडण मिटलं नाही. पेटीचं पाणी थंड ठेवायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे पाण्यावर पंखा सोडणं. कोरड्या हवेत पाणी उडतं आणि तीन-चार अंशांनी उतरतं. कूलरचंच शास्त्र. म्हणून टेबलफॅन तिकडे गेला. दुपारी वीज गेली की इन्व्हर्टरवर पहिला हक्क त्या फॅनचा. बायको घाम पुसत म्हणाली, "अहो, आम्हाला वाऱ्यावर सोडलं म्हणावं, तर वाराही त्यालाच." यावर मला आजवर उत्तर सुचलेलं नाही. उडालेल्या पाण्याची भर रोज घालावी लागते आणि नळ रोज येत नाही. आला तर ब्लीचिंगच्या वासाचा. ते पाणी एक रात्र उघडं ठेवायचं, मग घालायचं. जिल्ह्यातलं जगप्रसिद्ध पाणी लोणारचं, पण त्या खाऱ्या पाण्यात मासा टिकणं अवघड. त्यामानाने आमची पेटी बरी चालली आहे.

परवा ठिबकवाला मासे बघायला आला. २०२४ मध्ये सरकारने वैनगंगा-नळगंगा नदीजोडला मंजुरी दिली, तेव्हापासून तो खुशीत आहे. गोसीखुर्द धरणाचं पाणी सव्वाचारशे किलोमीटर कालव्याने येणार आणि शेवटचा थांबा आमच्या तालुक्यातली नळगंगा. इतक्या लांबून येऊन आमच्याकडेच थांबणारी ही पहिलीच गोष्ट असेल.

"पानी आलं का मंग सोडून देजा यायले नळगंगात. मोकये राह्यतीन."

मी त्याला उजनी धरणाची गोष्ट सांगितली. हौशी लोकांनी पेटीतून बाहेर सोडलेला सकर तिथे कसा माजला आणि जाळी कशी फाडतो, ते सांगितलं. परका मासा आपल्या नदीत कधी सोडायचा नसतो, पाणी येवो न येवो.

त्याने गोल फिरणाऱ्या दोन नरांकडे बराच वेळ पाहिलं.

"म्हंजे सोडायची गोठ सारे करतीन, अन् सोडनार कोनीच नाही," तो म्हणाला. "सर, तुमी मास्तरकीत वाया गेले. पाटबंधारेत लागायले पायजे व्हतं."