उन्नयनोत्तर-विघ्नमीमांसा : एक प्रास्ताविक

घरगुती संगणकात नवा अवयव बसवल्यानंतर तो संगणक जे जे करू लागतो, किंवा करायचे सोडून देतो, त्याचे शास्त्र अद्याप सिद्ध झालेले नाही. दुरुस्तीकार पुष्कळ झाले; मीमांसक एकही झाला नाही. ही उणीव दूर करण्याचा हा अल्प यत्न.

प्रथम लक्षण. उन्नयनापूर्वी जे नव्हते, उन्नयनानंतर जे आहे, आणि नवा अवयव काढून घेतला तरी जे जात नाही, ते विघ्न. यातील तिसरे पद वगळल्यास सैल बसलेली रॅमही विघ्नपदास पोहोचेल आणि लक्षणावर अतिव्याप्तीचा दोष येईल. सैल रॅम हे विघ्न नव्हे, तो प्रमाद होय. ज्याच्या घरी हे सर्व घडते व जो खर्च करतो, त्यास या शास्त्रात यजमान म्हणावे.

इतिहासाविषयी थोडक्यात. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क-२ या गणकयंत्राच्या रिलेमध्ये एक पतंग सापडला. तेथील मंडळींनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला आणि ती नोंदवही आज स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे. आपल्याकडे कॅबिनेट उघडल्यावर झुरळे आढळतात, क्वचित पालीची अंडीही; परंतु ती कोणी चिकटवून ठेवत नाही. घरातील मंडळी केरसुणी आणतात. साधनसामग्रीची ही हानी भरून येणारी नाही.

आता प्रमाणविचार. पंखा फिरतो, दिवा लागतो, परंतु पडदा काळाच राहतो. यास लोकभाषेत 'डिस्प्ले येत नाही' असे म्हणतात. डिस्प्लेच्या या अभावाचे ज्ञान कोणत्या प्रमाणाने होते? कुमारिलभट्टांचे अनुयायी अनुपलब्धि हे स्वतंत्र, सहावे प्रमाण मानतात. प्राभाकरांस ते मान्य नाही. अभाव असा वेगळा पदार्थच नसून तेथे असते ते केवळ रिकामे अधिष्ठान, असे त्यांचे म्हणणे. आमच्या गल्लीतील दुरुस्तीकार पूर्णतः प्राभाकर मताचे आहेत. नवे ग्राफिक्स कार्ड बसवल्यावर पडदा काळा झाला, तेव्हा त्यांनी फोनवरूनच निर्णय दिला : "डिस्प्ले गेलेला नाही काका, तुम्ही केबल जुन्याच पोर्टला लावलीय." मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टमध्येच राहिली होती आणि कार्डाचे पोर्ट रिकामे अधिष्ठान म्हणून शेजारी उभे होते. भाट्टांकडे याचे उत्तर नाही.

शब्दप्रमाणाचा अधिकार पूर्वी मोठा होता. सुरू होताना संगणक 'बीप' करी, आणि त्या ध्वनींचा अर्थ छंदःशास्त्राच्या आधारे सहज लागे. 'यमाताराजभानसलगा' ज्यास पाठ आहे, त्यास वेगळे शिक्षण नको. अवॉर्ड बायोसच्या परंपरेत एक दीर्घ व दोन ऱ्हस्व, म्हणजेच गुरु-लघु-लघु, अर्थात भगण. त्याचे फळ ग्राफिक्सचा दोष. एएमआय परंपरेत तीन ऱ्हस्व, म्हणजे नगण. फळ, स्मृतीचा दोष. आजचे बहुतेक मदरबोर्ड मात्र स्पीकरविना येतात. त्यामुळे यंत्र वृत्तबद्ध विलाप करीत असेलही, पण तो कोणास ऐकू जात नाही. मुक्तछंदाचा प्रादुर्भाव येथवर पोहोचला, याची खंत वाटते.

विघ्नांचे मुख्य भेद चार.

१. तमोविघ्न. याचे विवेचन वर आलेच आहे.

२. अधैर्यविघ्न. डीडीआर-५ जातीची नवी रॅम घातल्यावर पहिल्या वेळी यंत्र काळ्या पडद्यानिशी स्तब्ध बसते, कधी काही मिनिटेही. ते त्या वेळी रॅमशी आपली लय जुळवत असते. यजमान तिसाव्या सेकंदास बटण दाबून ते बंद करतो; जुळवाजुळव पुन्हा प्रथमपासून सुरू होते; यजमान पुन्हा बटण दाबतो. असे आवर्तन रविवारच्या जेवणाच्या वेळेपर्यंत चालू शकते. यावर उपाय एकच : संध्येस बसावे.

३. लोपविघ्न. नवी एम.२ एसएसडी बसवली की जुनी हार्ड डिस्क अदृश्य होते. तीत लग्नाचे फोटो असतात. यजमान ती डिस्क मृत समजून शोक करू लागतो, काही कुटुंबांत एकमेकांस दोषही दिला जातो. वस्तुतः अनेक मदरबोर्डांवर एम.२ची खाच आणि एखाददुसरे साटा पोर्ट यांचा मार्ग सामाईक असतो. खाचेत नवा रहिवासी आला की ते पोर्ट आपोआप बंद पडते. एकाच विहिरीवर दोन वाड्यांचा हक्क असावा, तसे हे. जुन्या डिस्कची केबल शेजारच्या पोर्टमध्ये लावताच सर्व फोटो पुनश्च प्रकट होतात, नको होते तेही.

४. कालविघ्न. २० मिलिमीटर व्यासाचा, ३ व्होल्टचा सीआर २०३२ नामक नाण्याएवढा सेल क्षीण झाला, की वीज तोडताच यंत्र वर्तमानकाळ विसरते. ते अनेक वर्षे मागे जाते, आणि तेथून पाहता सर्व संकेतस्थळांची प्रमाणपत्रे अद्याप जन्मास न आलेली असल्यामुळे एकही स्थळ उघडीत नाही. यंत्राची यात तर्कदृष्ट्या काही चूक नाही.

चिकित्सेच्या क्षेत्रात घर्षणवादी संप्रदाय सर्वांत बलाढ्य. रॅम काढून तिच्या सोनेरी कडा खोडरबराने घासाव्यात, हे त्यांचे आद्य वचन. डीडीआर-४ रॅमच्या कडेवर २८८ स्पर्शबिंदू, प्रत्येक अंगास १४४. दमट हवेत त्यांवर मळ बसतो, म्हणून कोकणात हा पंथ विशेष भरभराटीस असणार, असे माझे अनुमान. यात श्वेतरबर व नीलरबर अशा दोन शाखा आहेत. शाई खोडण्याचा खरखरीत निळा भाग वापरल्यास मळाबरोबर मुलामाही निघून जातो. सबब नीलशाखा त्याज्य होय. श्वेतशाखीयांनीही रबराचा कीस खाचेत पडणार नाही, याची दक्षता घ्यावी.

परंतु या सर्वांहून मूलगामी असा जो कूर्परस्पर्श-सिद्धांत, तो मी येथे प्रथमच मांडीत आहे. दोष नव्या अवयवात नसतो. तो बसवताना यजमानाचे कूर्पर, म्हणजे कोपर, ज्या जुन्या वस्तूस लागते, तीत असतो. म्हणूनच नवा अवयव काढून घेतल्यावरही विघ्न जात नाही, आणि आरंभीच्या लक्षणातील तिसऱ्या पदाची उपपत्ती येथे पूर्ण होते.

प्रयोग स्वगृहीचा आहे. गेल्या गणपतीत मी आठ जीबी रॅम बसवली आणि हार्ड डिस्क नाहीशी झाली. नवी रॅम काढली. डिस्क आली नाही. जुनी घासली, आली नाही. अभियांत्रिकीला असलेला भाचा दर्शनास आला होता. मी त्यास अन्वय-व्यतिरेक पद्धती समजावून सांगितली : रॅम असताना दोष आहे, रॅम नसतानाही दोष आहे, म्हणून रॅम हे कारण नव्हे. तो म्हणाला, "मामा, ती लाल वायर निघालीय." साटाची केबल होती. माझ्या उजव्या कोपराने ती अर्धवट उपटली होती. भाच्याने ती अंगठ्याने आत दाबली. त्यास सिद्धांत ठाऊक नव्हता, हे येथे नमूद करणे प्राप्त आहे.

एक आक्षेप उरतो. केबल बसवली, यंत्र चालू झाले, आणि झाकण लावताच डिस्क पुन्हा गेली. झाकण काढले, आली. असे चार वेळा झाले. यास आवरणदोष म्हणावे. झाकणाने केबलची मान मुडपते, हे त्याचे स्थूल कारण. नव्वद अंशात वळलेल्या टोकाची केबल बाजारात मिळते, असे भाचा म्हणतो. कॅबिनेट कायम उघडेच ठेवावे, असे मानणाऱ्या निरावरण पंथाकडे मी पूर्वी उपहासाने पाहत असे.

आमचे झाकण सध्या कपाटामागे आहे. बाईंना तेथे झाडू घालू नये, असे सांगून ठेवले आहे.