मुलगा सेट आहे

(स्थळ : वधूपित्याची बैठकीची खोली. वधूपिता सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त. चहा झाला आहे, पोहे अजून यायचे आहेत. त्यामुळे मध्यस्थ उठायच्या बेतात नाहीत.)

मध्यस्थ : डोळे झाकून हो म्हणा. मुलगा सेट आहे.

वधूपिता : मागचाही सेटच होता की. मालिकेच्या सेटवर. मालिका बंद पडली, सेट मोडला.

मध्यस्थ : तो सेट वेगळा, हा वेगळा.

वधूपिता : वेगळा म्हणजे कोणता? दागिन्यांचा सेट, टेनिसचा सेट, पत्त्यांचा सेट. आमच्याकडे पूर्वी दही लागायचं, वड्या थापायच्या. आता सूनबाई मोबाइल बघून सगळंच फ्रीजमध्ये 'सेट व्हायला' ठेवतात. परवा तर केस सेट करायला गेल्या.

मध्यस्थ : मुलाचा विषय इंग्रजीच आहे हो! त्यानंच सांगितलं. 1989 साली ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची दुसरी आवृत्ती निघाली, तिच्यात 'सेट' या एका क्रियापदाचे 430 अर्थ आहेत. त्याच्यावरचा मजकूरच साठ हजार शब्दांचा!

वधूपिता : त्यांतला हा कितवा?

मध्यस्थ : (विषय बदलत) मूळ अर्थ साधा आहे. सेट करणे म्हणजे बसवणे.

वधूपिता : मग त्यात काय एवढं! बसवण्यात आपण कुणाला ऐकतो? गणपती बसवतो, नाटक बसवतो, दात बसवतो, नळाला तोटी बसवतो. मात्र एक सांभाळा. धंदा सेट झाला म्हणजे चालला, आणि धंदा बसला म्हणजे बुडाला. तुमचा मुलगा सेट आहे की बसलाय?

मध्यस्थ : अहो, शुभ बोला!

वधूपिता : मी सिमेंटातला माणूस. सिमेंटला सेट होण्याची मुदत असते. तीस मिनिटांच्या आत आवळायला लागायचं नाही आणि दहा तासांच्या पुढे रेंगाळायचं नाही, असं प्रमाणात लिहिलेलं आहे. पोरांना अशी मुदत कुणी घातली नाही. आणि सेट झालं म्हणजे लगेच भार पेलतं असंही नाही. काँक्रीटची ताकद अठ्ठावीस दिवसांनी तपासतात. तुमचा सेट भार पेलतो का, तेवढं सांगा.

मध्यस्थ : (पोहे आल्याने धीर येऊन) सेट म्हणजे सेट परीक्षा! पास झालाय पहिल्या झटक्यात. महाराष्ट्र आणि गोवा मिळून होते ती. पहिला पेपर शंभर मार्कांचा, दुसरा दोनशेचा. बसतात त्यांतले शंभरात सहाच निघतात.

वधूपिता : अस्सं! मग प्राध्यापक झाला.

मध्यस्थ : प्राध्यापक व्हायला पात्र झाला.

वधूपिता : आणि झाला कधी?

मध्यस्थ : जागा निघाल्या की होईल.

वधूपिता : म्हणजे टेंडर पास, वर्क ऑर्डर नाही.

मध्यस्थ : रिकामा नाही हो! तासिका तत्त्वावर शिकवतो. सकाळी एका कॉलेजात, दुपारी तालुक्याच्या कॉलेजात, आठवड्यातून दोनदा तिसरीकडे. एसटी चुकली तर वडाप.

वधूपिता : मग सेट कसला? पळतोय बिचारा.

मध्यस्थ : (खूश होऊन) तेही इंग्रजीला धरूनच आहे! 'सेट'चा पहिला नंबर आता गेला. नव्या आवृत्तीचं काम चाललंय, त्यात 'रन' या क्रियापदाचे 645 अर्थ निघालेत.

वधूपिता : त्यांतला एसटीमागे धावणे हा कितवा?

(मध्यस्थ पोह्यांत लिंबू पिळतात. लिंबू आधीच पिळलेलं आहे.)

वधूपिता : मुलगा नाकारत नाही मी. शिकलाय, पळतोय, दारू-तंबाखू नाही. नोकरी लावायला कुणाकडे सेटिंग लावलंय का?

मध्यस्थ : छे छे! त्यातला नाही तो.

वधूपिता : तेवढा एक अर्थ गळाला, बरं झालं. मुलीला विचारतो. ती हो म्हणाली तर मे महिन्यातलाच मुहूर्त धरू. सुटी असते, पळापळ नसेल, मोकळा असेल.

मध्यस्थ : मोकळा असतो खरा. पण सुटीत तासिका नसतात, आणि तासिका नसली की मानधनही नसतं.