प्रशासकीय कारणास्तव

मराठी लेखकाला पुरस्कार मिळणे आता मुळीच अवघड राहिलेले नाही. पुस्तकाच्या चार प्रती, दोन फोटो, अल्पपरिचय आणि ‘प्रक्रिया शुल्क’ एवढे रवाना केले की राज्यस्तरीय पुरस्काराचे पत्र येते. सोबत तळटीप असते: कार्यक्रमास स्वखर्चाने यावे, येताना चार माणसे आणावीत. शाल, श्रीफळ, फेटा, फोटो. मग दोन दिवस अभिनंदनाचा पाऊस. पुस्तक कोणी उघडत नाही. परीक्षकांनीही ते उघडलेले नसते, त्यामुळे कोणावर अन्याय झाला असे म्हणता येत नाही.

एकच पुरस्कार असा आहे, की ज्यानंतर लोक दुकानात जाऊन पुस्तक विकत घेतात. तो म्हणजे रद्द झालेला पुरस्कार. त्याला अर्ज चालत नाही, वशिला चालत नाही, शुल्क तर नाहीच.

या क्षेत्रात महाराष्ट्र सरकारची कामगिरी पक्षातीत आहे, हे अभिमानाने सांगितले पाहिजे. विनय हर्डीकर यांच्या ‘जनांचा प्रवाहो चालिला’ या आणीबाणीवरच्या पुस्तकाला राज्य पुरस्कार जाहीर झाला आणि १९८१ मध्ये अंतुले सरकारने तो काढून घेतला. काँग्रेसच्या राजवटीत पडलेला हा पायंडा शिंदे-फडणवीस सरकारने श्रद्धेने पुढे चालवला. कोबाड गांधी यांच्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’ या तुरुंगातल्या आठवणींचा अनघा लेले यांनी केलेला अनुवाद ६ डिसेंबर २०२२ रोजी पुरस्कारप्राप्त ठरला. १२ डिसेंबरला शासन निर्णय निघाला आणि अनुवाद पुरस्कारमुक्त झाला. सहा दिवसांत! गारपिटीचा पंचनामासुद्धा इतक्या चपळाईने होत नाही.

कारण दिले होते ‘प्रशासकीय’. हे फार सोयीचे कारण आहे. बदली, पाणीकपात, भरती लांबणे, सगळे त्यात बसते. वाङ्मय तेवढे बसायचे राहिले होते. त्याच झटक्यात निवड समितीही बरखास्त झाली. म्हणजे निवड चुकली म्हणून निवडणारे काढले, की निवडणारे काढले म्हणून निवड गेली, हा प्रश्न विचारायला कोणी उरलेच नाही.

पुरस्कार होता तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नावाचा. शास्त्रीबुवा स्वातंत्र्यलढ्यात स्वतः तुरुंगात गेलेले, पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या संगतीत वावरलेले. आज त्यांचेच चरित्र स्पर्धेला आले असते, तर आधी पोलिसांचा अहवाल मागवावा लागला असता. वर पुरस्कारांच्या योजनेला नाव यशवंतराव चव्हाणांचे. या दोघांची नावे बदलायची कशी राहिली, कोण जाणे. बहुधा प्रशासकीय कारणास्तव.

पुढे तर तिजोरीचे भलेच झाले. या निर्णयाच्या निषेधार्थ शरद बाविस्कर यांनी ‘भुरा’चा आणि आनंद करंदीकर यांनी ‘वैचारिक घुसळण’चा पुरस्कार नाकारला. प्रज्ञा दया पवार आणि नीरजा यांनी साहित्य आणि संस्कृती मंडळाचे राजीनामे दिले. आणि इकडे कोबाड गांधींच्या पुस्तकाची मागणी वाढली. जाहिरातीचा एक रुपया न घालवता प्रकाशकाला हे सुख मिळाले.

तेव्हा सरकारने लाजू नये. दरवर्षी रीतसर ‘रद्द वाङ्मय पुरस्कार’ सुरू करावा. सकाळी शाल घालावी, दुपारी काढून घ्यावी. तीच शाल पुढच्या वर्षी चालेल. परीक्षकांना बरखास्तीचे पत्र नेमणुकीसोबतच द्यावे, टपालखर्च वाचेल. गर्दी मात्र होईल. मराठी लेखकाला खपाची एवढी खात्री आजवर कोणी दिलेली नाही, त्यामुळे आपलाच पुरस्कार रद्द व्हावा म्हणून मंत्रालयात खेटे घालणारे लेखक दिसू लागतील, आणि त्यातही अमक्याने तमक्याकरवी आपला रद्द करून घेतला, अशी कुजबुज सुरू होईल.

योजना मंजूर व्हायला वेळ लागेल. तोवर वाचकांना एवढीच विनंती, की सरकार पुस्तकांची शिफारस करते तेव्हा फार मनावर घेऊ नका; शिफारस मागे घेते तेव्हा मात्र त्याच संध्याकाळी दुकान गाठा, दुसऱ्या दिवशी प्रती शिल्लक नसतात.