मुतखड्याची बेदखली

मुतखडा हे असे कूळ आहे की, ते एकदा वहिवाटीस बसले म्हणजे नोटीस, तगादा, अर्जविनंत्या यांपैकी कशालाही दाद न देता, उलट मालकालाच मध्यरात्री घरभर येरझारा घालावयास लावते. माझ्या उजव्या मूत्रपिंडात अशी वहिवाट सुरू झाल्याची नोंद सोनोग्राफीच्या कागदावर झाली मात्र, बेदखलीचे अक्सीर मार्ग सुचविणाऱ्या समस्त डोळखांबकरांची रीघ माझ्या ओटीवर लागली.

शेजारच्या आजींनी कुळथाचे कळण आणले आणि "गुरुजी, नाक मुरडू नका, यानं दगूड इरघळतो" असे बजावून ते मी संपवीपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत. त्यांच्यामागून केळीच्या खुंटाचा रस आला. मग ज्याचे काटे पायात रुतले असता सज्जनांच्याही मुखातून अपशब्द निघतात, त्या गोखरूचा काढा आला. ठाकरवाडीतल्या एका वृद्धेने कुर्डूच्या बियांची पुरचुंडी मुकाट्याने माझ्या हाती ठेवली. एवढ्या गर्दीत अल्पाक्षरी अशी ती एकटीच. तलाठी कचेरीतील एका गृहस्थांनी कुंडीतील पानफुटी हाच शास्त्रोक्त पाषाणभेद होय असे प्रतिपादन केले, त्यावर उपस्थित वैद्यांनी ग्रंथातला पाषाणभेद हिमालयाच्या कड्यांवर उगवतो, तुमच्या कुंडीत नव्हे, अशी हरकत घेतली, आणि प्रकरण इतके चिघळले की, ज्याच्या पोटात कळ उठली होती त्याची साक्ष घेण्याचे भान कोणासही राहिले नाही.

सुश्रुताने अश्मरीवर वरुणाची साल सांगितली खरी. पण औषधाने न भागल्यास, न कापावे तर मृत्यू निश्चित आणि कापावे तर जगणे संशयित, म्हणून शस्त्र चालविण्यापूर्वी राजाची अनुज्ञा घ्यावी, असेही त्याने लिहून ठेवले आहे. हा संकोच माझ्या ओटीवर औषधालाही शिवला नव्हता.

या भिन्नमतांच्या मेळाव्यात एक कलम मात्र सर्वसंमत होते: वर भरपूर पाणी प्यावे. डॉक्टरांचेही म्हणणे तेच की, 5 मिलिमीटरांहून लहान खडे बहुधा आपल्या पायांनी निघून जातात, फक्त दिवसाकाठी अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी पोटात गेले पाहिजे. हे फर्मान वैशाखात सुटले होते. 1892 पासून आमच्या शहापूर तालुक्यातील तानसा आणि पुढे भातसा ही धरणे मुंबईची तहान भागवीत आली. त्याच तालुक्यातील वाड्यांवर त्या महिन्यात बायाबापड्या रिकामे हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात, आणि मी त्यांच्यादेखत तांब्यामागून तांब्या रिचवीत होतो, तो केवळ वैद्यकीय शिफारशीच्या आधारावर.

यथावकाश खड्याने ताबा सोडला आणि श्रेयाचे दावे दाखल होऊ लागले. कुळीथ, केळ, गोखरू, पानफुटी, सर्वांनी मालकी सांगितली. कुर्डूवाली तेवढी फिरकली नाही. शेवटी टँकरचा चालक आला, ओटीवर टेकला आणि म्हणाला, "गुरुजी, या म्हैन्यात तुमच्या आळीला दोन खेपा जास्ती पडल्यात, त्या कुनाच्या नावावर लिवू?"